पाण्याखालचा श्वास आणि वायूंचा आंशिक दाब

(तळेगाव दाभाडे येथे मावळ तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मावळ हा पाण्याचा तालुका आहे. पवना, इंद्रायणी आणि आंद्रा या नद्यांची खोरी, पवना व वडिवळे यांसारखी धरणे, वीजनिर्मितीसाठी बांधलेले वळवण, शिरवता आणि ठोकळवाडी हे जुने तलाव, दगडांच्या सोडून दिलेल्या खाणींत साठलेले पाणी आणि गावोगावच्या विहिरी असा येथील पाण्याचा पसारा आहे. या पाण्यावर हा तालुका आणि खालची पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वस्ती जगते. याच पाण्यात दरवर्षी माणसेही बुडतात. १५ जून २०२५ रोजी आपल्या शेजारी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी येथून जवळच सुदुंबरे येथे आहे. तिचे जवान आणि स्थानिक स्वयंसेवक त्या दिवशी पाण्यात उतरले, हे आपणापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल.

परंतु प्रत्येक घटना एवढी मोठी नसते. एखादा मुलगा विहिरीत बुडतो, एखादा पर्यटक धरणाच्या काठावरून घसरतो. तेव्हा सरपंच, पोलीस पाटील किंवा मुख्याध्यापक यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की पाण्यात कोणाला उतरवायचे? गावातील पट्टीचा पोहणारा पुढे येतो. त्याचा दम मोठा असतो, धाडस त्याहून मोठे असते. कोणी सांगतो, गॅरेजमधला कॉम्प्रेसर आणा. कोणी सांगतो, दवाखान्यातील ऑक्सिजनचे नळकांडे त्याच्या पाठीला बांधा. या सूचना सद्भावनेने केलेल्या असतात, आणि त्यांतील प्रत्येक सूचना त्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. असे का होते, हे समजण्यासाठी भौतिकशास्त्रातील एकच नियम पुरेसा आहे. आज त्याच्याविषयी मी बोलणार आहे.

हा नियम जॉन डाल्टन यांनी १८०१ च्या सुमारास मांडला. अणुसिद्धांतामुळे त्यांचे नाव शालेय पुस्तकांत आले. पण मँचेस्टरमध्ये ते विद्यार्थ्यांना शिकवून आपला उदरनिर्वाह करीत असत, ही गोष्ट शिक्षकांच्या सभेत सांगताना मला विशेष आनंद वाटतो. वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायू जणू तो एकटाच तेथे आहे अशा रीतीने दाब देतो, आणि या सर्वांच्या दाबांची बेरीज म्हणजे मिश्रणाचा एकूण दाब, असे त्यांनी सांगितले. एका वायूच्या वाट्याला आलेल्या या दाबास ‘आंशिक दाब’ म्हणतात.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि नायट्रोजन सुमारे ७८ टक्के आहे, हे प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक असते. समुद्रसपाटीवर एकूण दाब एक वातावरण धरला, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.२१ आणि नायट्रोजनचा ०.७८ वातावरण होतो. येथवर दाब आणि टक्केवारी यांत फरकच दिसत नाही. म्हणूनच आपण टक्क्यांत विचार करण्याची सवय लावून घेतली आहे. पाण्यात उतरताच ही सवय घातक ठरते.

पंचायतीच्या हिशेबातले उदाहरण घेऊ. एकूण वसुलीत घरपट्टीचा वाटा २१ टक्के आहे. पुढे एकूण वसुली पाचपट झाली आणि घरपट्टीचा वाटा २१ टक्केच राहिला. टक्के बदलले नाहीत, तरी तिजोरीत पडणारे घरपट्टीचे रुपये पाचपट झाले. फुप्फुस ही अशीच तिजोरी आहे. तिला टक्के कळत नाहीत, रुपये कळतात. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. गोड्या पाण्यात त्याला १०.३ मीटर लागतात. समुद्रात ४० मीटर खाली एकूण दाब पाच वातावरणे होतो. पाणबुड्याला तेथे हवा द्यायची तर ती त्याच दाबाने द्यावी लागते, अन्यथा छाती फुलणारच नाही. त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो; पण त्याचा आंशिक दाब १.०५, म्हणजे जमिनीवर शुद्ध ऑक्सिजन घेतल्यासारखा झालेला असतो. नायट्रोजनचा दाब चारच्या जवळ पोहोचलेला असतो. शरीर या नव्या आकड्यांना उत्तर देते.

नायट्रोजनपासून सुरुवात करू, कारण जमिनीवर तो अगदी निरुपद्रवी समजला जातो. समुद्रात सुमारे ३० मीटरच्या पुढे हवेतील नायट्रोजनची गुंगी चढू लागते. ही अवस्था मद्याच्या नशेसारखी असते. माणूस उगीचच आनंदी होतो, साधी बेरीज चुकतो, दोर सोडायचा की धरायचा याचा निर्णय त्याला घेता येत नाही. पन्नास मीटरच्या पुढे त्याच्या विवेकावर विसंबून काम सोपवणे धोक्याचे असते. या नशेत माणसाला आपण नशेत आहोत हे कळत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत वाईट भाग आहे.

नायट्रोजनचा दुसरा उपद्रव वर येताना होतो. वाढलेल्या दाबामुळे तो रक्तात व ऊतींत विरघळत राहतो. खोली जितकी अधिक आणि काळ जितका अधिक, तितका तो अधिक विरघळतो. पाणबुड्या एकदम वर आला, तर विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ज्या गावी १९०८ मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला, त्या गावात बाटलीचेच उदाहरण शोभेल. गोटी सोड्याची बाटली बंद असते तोवर आतले पाणी स्वच्छ दिसते. गोटी खाली ढकलली की दाब उतरतो आणि फेस उसळतो. वायू आधीपासूनच पाण्यात होता. दाबाने त्याला धरून ठेवले होते. हाच फेस सांध्यांत झाला तर असह्य वेदना होतात आणि मज्जारज्जूत झाला तर कमरेखालचा भाग लुळा पडतो. वर्गात हा प्रयोग करून दाखविण्यास एका बाटलीचा खर्च येतो, आणि विद्यार्थी तो विसरत नाहीत.

ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जे. एस. हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर येण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटे थांबत, टप्प्याटप्प्याने वर यावयाचे, म्हणजे वायू फुप्फुसांतून हळूहळू निघून जातो. आजची कोष्टके बरीच सुधारलेली असली, तरी टप्प्यांची मूळ कल्पना तीच आहे.

आता प्राणवायू. ज्याला आपण प्राणच म्हणतो तो विषारी कसा असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले, की अधिक दाबाच्या ऑक्सिजनमुळे प्राण्यांना आकडी येते. पाण्याखाली काम करताना ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ वातावरणाच्या आत ठेवावा आणि १.६ च्या वर कधीही जाऊ देऊ नये, असा आज सर्वसाधारण दंडक आहे. साध्या हवेच्या बाबतीत १.६ चा आकडा सुमारे ६६ मीटर खोलीवर गाठला जातो. शुद्ध ऑक्सिजन घेऊन उतरणारा माणूस मात्र सहा मीटरवरच त्या रेषेवर येतो. दहा मीटरवर हा दाब दोन वातावरणे होतो. आकडी बहुधा पूर्वसूचना न देता येते. तोंडातील नळी सुटते आणि पुढचा श्वास पाण्याचा असतो.

म्हणून दवाखान्यातील किंवा वेल्डिंगच्या कामावरील ऑक्सिजनचे नळकांडे पाठीला बांधून कोणालाही पाण्यात उतरवू नये. चाकण-तळेगाव परिसरात ऑक्सिजन सहज मिळतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर तर तो गावागावांच्या परिचयाचा झाला आहे. म्हणूनच हा इशारा मी येथे मुद्दाम देत आहे.

हवा घेऊन फार खोल जाता येत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. एका बाजूने नायट्रोजन बुद्धी हिरावून घेतो, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन आकडी आणतो. यावर तोडगा निघाला तो हेलियमचा. हेलियमची नशा चढत नाही. १९३९ साली अमेरिकेची ‘स्क्वॅलस’ ही पाणबुडी सुमारे ७४ मीटर खोल पाण्यात बुडाली. तिच्यातील ३३ जणांना वाचविल्यानंतर ती वर काढण्याच्या कामात पाणबुड्यांना हेलियम व ऑक्सिजन यांचे मिश्रण देण्यात आले आणि त्याची उपयुक्तता सिद्ध झाली. हेलियमचे स्वतःचे त्रास आहेतच. तो शरीराची उष्णता भराभर काढून घेतो, आवाज बदकासारखा करतो, आणि दीडशे मीटरच्या खाली अति दाबामुळे हातापायांना कंप सुटतो. शिवाय तो महाग आहे आणि आपल्याला आयात करावा लागतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विद्येचे सर्वांत मोठे कार्यक्षेत्र म्हणजे मुंबई हाय. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात तेल शोधून काढले. तेथे पाण्याची खोली स्थूलमानाने ७५ मीटर आहे. समुद्रतळावरील नळांची व फलाटांच्या पायांची तपासणी आणि दुरुस्ती ही पाणबुड्यांची कामे. आता हिशेब करून पाहा. ७५ मीटरवर एकूण दाब साडेआठ वातावरणे. साधी हवा दिली तर ऑक्सिजनचा आंशिक दाब १.७८, म्हणजे मर्यादेबाहेर, आणि नायट्रोजनचा साडेसहाच्या वर. असा माणूस नटबोल्ट आवळण्याच्या स्थितीत राहणार नाही.

त्यासाठी पाणबुड्यांना जहाजावरील पोलादी दाबकोठीत ठेवतात. कोठीतील दाब समुद्रतळाच्या दाबाएवढा करून त्यात हेलियम व थोडा ऑक्सिजन भरलेला असतो. पाणबुडे तेथेच जेवतात, तेथेच झोपतात. पाळी आली की दाब न उतरविता एका बंद घंटेतून तळाशी जातात आणि काम संपवून पुन्हा कोठीत येतात. काही काळाने शरीर वायूने पूर्ण संपृक्त होते, त्यानंतर आणखी वायू विरघळत नाही. मग एक दिवस राहिले काय किंवा वीस दिवस राहिले काय, बाहेर येण्यास लागणारा वेळ तोच असतो. ७५ मीटरच्या दाबावरून जमिनीच्या दाबावर येण्यास तीन ते चार दिवस लागतात. या पद्धतीचे अर्थशास्त्रही येथेच आहे: रोज वर येण्यात वेळ घालविण्याऐवजी महिन्यातून एकदाच वर यावयाचे.

अशा कोठीत ऑक्सिजनचा आंशिक दाब साधारण ०.४ वातावरण ठेवतात. साडेआठ वातावरणांत ०.४ म्हणजे टक्केवारीने पाचाहूनही कमी. हाच पाच टक्के ऑक्सिजन असलेला वायू मी या सभागृहात कोणाला हुंगावयास दिला, तर तो काही क्षणांत बेशुद्ध पडेल. तेथे मात्र त्याच वायूवर माणसे आठवडेच्या आठवडे सुखरूप राहतात. टक्के आणि दाब यांतील फरक याहून स्पष्टपणे सांगता येईल, असे मला वाटत नाही. आपल्या नौदलाच्या पाणबुड्यांनी माझगाव गोदीत बांधलेल्या ‘निरीक्षक’ या जहाजावरून २५७ मीटरपर्यंत मजल मारली. तेथे दाब सुमारे पावणेसत्तावीस वातावरणे असतो, आणि ०.४ च्या हिशेबाने ऑक्सिजन अवघा दीड टक्का पुरतो. १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झालेले ‘निस्तार’ हे जहाज ३०० मीटरपर्यंतच्या कामासाठी आहे.

या कोठीचा दरवाजा आतून कुलूप लावल्याप्रमाणे असतो, आणि ते कुलूप माणसाच्या रक्तात असते. २७ जुलै २००५ रोजी याचा प्रत्यय आला. आदल्या दिवशीच्या प्रलयंकारी पावसातून मुंबई सावरलेली नव्हती. ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी कर्मचाऱ्याला फलाटावर पोहोचविण्यासाठी मुंबई हायच्या उत्तर फलाटाजवळ आले असता त्यावर आदळले. वायूचा नळ फुटून आग लागली आणि थोड्याच वेळात तो फलाट नष्ट झाला. बावीस माणसे दगावली. जहाजालाही आग लागली. इतर लोक जहाज सोडून गेले, परंतु दाबकोठीत सहा पाणबुडे होते. त्यांना दार उघडून बाहेर काढता येणे शक्य नव्हते. कोठीतील दाब तेथील समुद्रतळाएवढा धरला, तर दार उघडताच साडेआठ वातावरणांवरून एकावर उडी पडली असती आणि शरीरातील सारा हेलियम सोड्याच्या बाटलीतील फेसाप्रमाणे उसळला असता. बाहेर आग, आत दाब, अशा स्थितीत ते राहिले. सुमारे छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. पुढे काही दिवसांनी ते जहाजही बुडाले.

समुद्र सोडून आता आपल्या धरणावर येऊ. येथील पाणी इतके खोल नाही, तेव्हा एवढ्या शास्त्राची गरज काय, असे कोणी म्हणेल. पवना धरणाची भिंत चाळीस मीटरांहून उंच आहे. भरलेल्या जलाशयात भिंतीच्या बाजूला तीस मीटरपर्यंतची खोली गृहीत धरूनच उतरले पाहिजे. शिवाय आपण समुद्रावर नाही. तळेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब एकाऐवजी ०.९३ वातावरणाच्या आसपास असतो. तीस मीटर गोड्या पाण्यातून वर येणारा पाणबुड्या सुमारे ३.८४ वातावरणांवरून ०.९३ वर येतो, म्हणजे दाब ४.१ पटींनी उतरतो. समुद्रात तीस मीटरवरून वर येताना तो चारपटच उतरतो. फरक थोडा आहे, पण तो धोक्याच्या बाजूला आहे. समुद्रासाठी तयार केलेले कोष्टक तीनशे मीटरपेक्षा उंच ठिकाणी जसेच्या तसे वापरू नये, असा नियम यासाठीच आहे. बाहेरून पाणबुड्या मागविताना ‘आपल्या कोष्टकात उंचीचा हिशेब धरला आहे काय’ असे त्याला विचारावे. जो पाणबुड्या या प्रश्नाने रागावेल, त्याला उतरविण्याची घाई करू नये.

याच कारणामुळे बोरघाटाचाही विचार करावा लागतो. कोकणात समुद्रात खोल उतरलेला माणूस त्याच संध्याकाळी मोटारीने घाट चढून आला, तर तो दोन तासांत सहाशे मीटर वर येतो. अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून निघून गेलेला नसतो. एकदाच व थांबे न घेता वर येण्याजोगी बुडी असेल तर किमान बारा तास, अनेक बुड्या असतील तर अठरा तास, आणि थांबे घेत वर यावे लागले असेल तर त्याहून अधिक काळ घाट चढू नये, असा सल्ला देण्यात येतो. शाळांच्या सहली मालवण-तारकर्लीला जातात. तेथील उथळ पाण्यातील काही मिनिटांच्या बुडीने हा धोका फारसा उद्भवत नाही. परंतु खोल बुडी घेणाऱ्या प्रौढांनी घाटाचा प्रवास दुसऱ्या दिवशी ठेवावा.

आता गावातील पट्टीच्या पोहणाऱ्याकडे वळतो. तो नळकांडे वापरत नाही, श्वास रोखून जातो. आंशिक दाबाचा नियम त्यालाही लागू आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यामुळे. बुडी मारण्यापूर्वी भस्त्रिकेसारखे भराभर श्वास घेतले, की रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड उतरतो. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. धोक्याची घंटा काढून ठेवावी आणि मग घरात विस्तव पेटवावा, असा हा प्रकार आहे. दहा मीटर खाली दाब दुप्पट असल्याने फुप्फुसातील उरलेल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब, समजा ०.०८ असला, तरी शुद्ध टिकते. वर येताना पाण्याचा दाब उतरतो आणि तोच ऑक्सिजन ०.०४ वर किंवा त्याखाली येतो. माणूस शेवटच्या दोन-चार मीटरांत, प्रकाश दिसू लागल्यावर, बेशुद्ध होतो. तो धडपडत नाही, हाक मारीत नाही. काठावरचे लोक म्हणतात, ‘एवढा पोहणारा कसा बुडाला?’ अनेकदा तो पोहणारा होता म्हणूनच बुडाला, हे उत्तर असते. पाण्याखाली अधिक वेळ कोण राहतो, याच्या पैजा मुलांना लावू देऊ नयेत. शोधासाठी कोणी उतरतच असेल, तर त्याच्या कमरेला दोर असावा, काठावर दुसरा माणूस तयार असावा आणि प्रत्येक बुडीनंतर पुरेशी विश्रांती घेतली जावी.

विहिरीतील कोंदट हवेचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे ऑक्सिजन संपलेला असतो आणि जड कार्बन डाय-ऑक्साइड तळाशी साचलेला असतो. तळाच्या हवेत ऑक्सिजन दहा टक्के उरला असेल, तर आपल्या उंचीवर त्याचा आंशिक दाब ०.०९३ होतो. माणूस शिडीवरच कोसळतो आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही कोसळतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत उपयुक्त होती, पण कंदील न विझणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. जेथे गटाराचा किंवा शेणाचा वायू असण्याचा संभव आहे, तेथे तर ज्योत नेऊच नये. आत डिझेल पंप चालला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

कार्बन मोनॉक्साइडवरून कॉम्प्रेसर आठवतो. औद्योगिक पट्ट्यात तो प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. चाकात हवा भरण्यासाठी केलेल्या या यंत्रातील हवा श्वासासाठी गाळलेली नसते. तिच्यात तेलाची वाफ असते, आणि इंजिनाचा धूर ओढला गेल्यास कार्बन मोनॉक्साइडही असतो. दशलक्ष भागांत वीस भाग कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा जमिनीवर थोडा वेळ सोसते. चाळीस मीटरवर तीच पाचपट, म्हणजे शंभर भागांएवढी बाधते. वीस मीटरवर साठ भागांएवढी. खोली वाढते तसतसे अल्प विष अधिक होत जाते. पाणबुड्यांच्या नळकांड्यात भरलेली हवा त्याच कामासाठी प्रमाणित केलेल्या कॉम्प्रेसरमधून यावयास हवी. तशी सोय नसेल तर सुदुंबरे येथील दलाला पाचारण होईपर्यंत काठावर थांबणे योग्य. हा विलंब नातेवाइकांना सोसत नाही, हे मी जाणतो. तरीही बुडून बराच वेळ झालेल्याच्या शोधात दुसरा जीव घालविण्याचा निर्णय सरपंचाने घेऊ नये.

ऑक्सिजनचे नळकांडे मात्र काठावर अवश्य आणून ठेवावे. पाण्यात जो वायू आकडी आणतो, तोच काठावर औषध होतो, कारण तेथे एकूण दाब एक वातावरणाहून कमी आहे. पाणबुड्या वर आल्यावर त्याला सांधेदुखी, बधिरता, चक्कर किंवा पायांत अशक्तपणा जाणवू लागला, तर त्यास आडवे निजवून, घट्ट बसणाऱ्या मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन द्यावा. श्वासात नायट्रोजन उरला नाही की रक्तातील नायट्रोजन फुप्फुसांकडे झपाट्याने निघतो आणि बुडबुडे आकसतात. रुग्णाला बरे वाटू लागले तरी ऑक्सिजन चालू ठेवून त्याला रुग्णालयात न्यावे. त्याला पुन्हा पाण्यात उतरवून ‘दाब देण्याचा’ प्रयोग करू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलावताना हा बुडण्याचा नव्हे, तर दाब उतरल्याचा विकार आहे, असे स्पष्ट सांगावे.

पुढील उपचार उच्चदाब कक्षात होतात. तेथे रुग्णाला २.८ वातावरणांपर्यंतच्या दाबाखाली, मध्ये मध्ये साधी हवा देत, शुद्ध ऑक्सिजन देतात. पाण्याखाली ज्या दाबाला मज्जाव आहे, तो येथे चालतो, कारण रुग्ण कोरड्या जागी पडून असतो, वैद्य शेजारी असतो आणि आकडी आलीच तर बुडण्याचा प्रश्न नसतो. नौदलाच्या मुंबईतील ‘अश्विनी’ रुग्णालयात या विकारांचा जुना अनुभव आहे. पुण्या-मुंबईत आणखीही काही रुग्णालयांत असे कक्ष आहेत. मात्र त्यांतील सर्वच पाणबुड्यांचे रुग्ण घेतील असे नाही. कोणता कक्ष घेतो, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी करून तो दूरध्वनी क्रमांक, जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकाबरोबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा. मावळातील रुग्ण पुण्यास नेला काय किंवा मुंबईस नेला काय, फारशी चढण लागत नाही. अलिबागकडील रुग्णाला मात्र घाट चढवून पुण्यास आणू नये. त्याला मुंबईच जवळ आहे, आणि ती समुद्रसपाटीवर आहे.